पूर्वीचा आजार : नाही

१९ ऑगस्ट २०२४

ती. काका, सा. न.

विम्याचं फोनवर बोलायचं नाही, तोंडी बोलण्याला किंमत नसते, असं तुम्ही निघताना बजावलं होतंत, म्हणून लिहून पाठवतेय. मराठीत टाइप करायची सवय नाही, तेव्हा चुका काढू नका.

इथे येऊन बारा दिवस झाले आणि त्यातले पाच मी विमा या एकाच विषयावर घालवलेत. युनिव्हर्सिटीचा स्वतःचा प्लॅन आहे, तो फीमध्ये आपोआप लागतो. नको असेल तर वेव्हर भरायचा, म्हणजे आमच्याकडे तोडीचा दुसरा विमा आहे असं दाखवून यातून सूट मागायची. शेवटची तारीख ६ सप्टेंबर. ओरिएंटेशनला एका बाईंनी पाऊण तास स्लाइड्स दाखवल्या. डिडक्टिबल, को-पे, को-इन्शुरन्स, नेटवर्क. शेवटी कुणाला काही शंका, म्हणून विचारलं. आम्ही दोनशे जण होतो, एकाचाही हात वर नाही. बाहेर आल्यावर मात्र जो तो दुसऱ्याला विचारत होता की तुला काही कळलं का.

म्हणून मी त्या बाईंच्या ऑफिसात गेले. म्हटलं, मला साधा ताप आला तर मी कुठे जायचं? तर म्हणाल्या, इट डिपेंड्स. किती खर्च येईल? इट डिपेंड्स. काका, मी इंजिनिअर आहे, मी डफर नाही, पण तिथून बाहेर पडताना मला रडू येत होतं.

माझी रूममेट सलोनी नागपूरची आहे, दुसऱ्या वर्षाला. ती म्हणते वेव्हरच्या भानगडीत पडू नको, युनिव्हर्सिटीचा राहू दे, महाग आहे पण डोक्याला ताप नाही. आपण पुण्याहून घेतलेली पॉलिसी आहेच. तर काय करू ते कळवा.

आई बरी आहे ना? फोनवर तिचं नेहमीचंच, जेवलीस का.

तुमची,
स्पृहा


२१ ऑगस्ट २०२४
नारायण पेठ, पुणे

चि. स्पृहास अ. आ.

पत्र पोचलं. चुका अकरा आहेत, काढत नाही.

डिडक्टिबल म्हणजे सुरुवातीचा ठरावीक खर्च तुझा तू करायचा, तोवर कंपनी झोपलेली असते. को-पे म्हणजे दर वेळी डॉक्टरच्या दारात ठेवायची दक्षिणा. को-इन्शुरन्स म्हणजे कंपनी जागी झाल्यावरही बिलातला काही हिस्सा तुझ्याच गळ्यात. नेटवर्क म्हणजे कंपनीच्या ओळखीच्या डॉक्टरकडेच आजारी पडायचं. झालं. याला पाऊण तास आणि स्लाइड्स कशाला लागल्या ते त्या बाईंनाच ठाऊक.

आता कामाचं. वेव्हर भर. आपली पॉलिसी जोड. त्यात अमेरिकेतला दवाखाना, अपघात, सगळं आहे, मी ओळ न ओळ वाचली आहे. तो फॉर्म मी माझ्या हाताने भरलाय. तू त्या दिवशी पोहे खात होतीस, सही केलीस आणि डिश घेऊन गॅलरीत गेलीस. तिथल्या प्लॅनच्या फॉर्ममध्ये काय काय विचारतील, मागचं काय उकरून काढतील आणि ते तुझ्या कॉलेजच्या कुठल्या दप्तरात जाऊन बसेल, मला माहीत नाही. जे मला माहीत नाही, त्यावर माझ्या पुतणीने सही करायची नाही. मी चौतीस वर्षं क्लेम विभागात काढली आहेत. तुझ्या नागपूरच्या मैत्रिणीने किती काढली?

वहिनी बऱ्या आहेत. रविवारी कात्रजला जाऊन आलो. गुडघे सोडले तर तक्रार नाही.

तुझा,
दिगंबरकाका


११ ऑक्टोबर २०२४

ती. काका,

घाबरू नका, मी ठीक आहे. आईला मी अर्धंच सांगितलंय, तुम्हाला पूर्ण सांगते.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला लायब्ररीत प्रिंटरजवळ उभी होते. त्यानंतरचं मला थेट अँब्युलन्समधलंच आठवतंय. जीभ चावली गेली होती, अजून काही खाल्लं की झोंबतं. प्रिंटरजवळ जी मुलगी होती ती म्हणाली, तू ताठ झालीस आणि पडलीस, हातपाय हलत होते. किती वेळ ते तिला सांगता येईना.

स्ट्रेचरवर असतानाच एक बाई टॅब घेऊन आल्या आणि विम्याचं कार्ड मागितलं. मला माझं आडनाव आठवायला वेळ लागत होता, पॉलिसी नंबर कुठून आठवणार. फोनमधली पीडीएफ दाखवली. त्यांनी विचारलं, ही कंपनी कुठे आहे? मी म्हटलं, पुण्यात. म्हणे, नेटवर्कमध्ये आहे का? मी म्हटलं, लक्ष्मी रोडला आहे. सलोनी आली, तिने कंपनीचा चोवीस तास चालू असलेला नंबर लावला. हिंदीसाठी दोन दाबा, मग पॉलिसी नंबर दाबा, मग वीस मिनिटं सनई. शेवटी जो बोलला तो म्हणाला, आधी पैसे भरा, नंतर क्लेम टाका, सोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट लागेल, त्यात हा आजार पहिल्यांदा कधी झाला ते लिहिलेलं हवं.

आणि डॉक्टरही तेच विचारतात. आधी असं कधी झालंय का? लहानपणी? मी म्हटलं नाही. मग दुसऱ्या दिवशी पहाटे खात्री करायला आईला फोन लावला. ती म्हणाली छे, काहीतरीच, आणि कुकर झाला म्हणून फोन ठेवला. काका, तिकडे तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. साडेतीनला कसला कुकर?

मेंदूच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट २३ तारखेची मिळाली आहे. तोवर तुम्ही मला सांगा. मला असं आधी कधी झालं होतं का?

स्पृहा


१२ ऑक्टोबर २०२४, दसरा
नारायण पेठ

चि. स्पृहा,

नाही. असं कधी झालेलं नाही.

तू नवरात्राचे उपास करत होतीस ना? घटस्थापनेला वहिनींना तू फोटो पाठवला होतास, साबुदाण्याच्या खिचडीचा. उपाशी पोटी अभ्यास, अपुरी झोप, वर ती थंडी. पित्त होऊन चक्कर आली. डॉक्टरला हेच सांगायचं.

आता नीट वाच. क्लेम मंजूर करणारा माणूस तुझ्याकडे बघत नाही, तो पहिला केसपेपर बघतो. डॉक्टरसमोर बसून पेशंट जे सहज बोलून जातो ते तिथे लिहिलं जातं आणि एकदा लिहिलं की ब्रह्मदेव आला तरी खोडता येत नाही. मी स्वतः अशा एकेका शब्दावर क्लेम फेटाळले आहेत. एका बाईंनी आपलं बोलता बोलता, तीन वर्षांपासून अधूनमधून दुखतंय हो, असं सांगितलं होतं. संपलं. तेव्हा कदाचित, बहुतेक, मला वाटतं, लहानपणी असेल, असले शब्द तोंडातून काढायचे नाहीत. विचारलं तेवढ्याचं उत्तर. उपास होता, चक्कर आली, आधी कधी नाही.

वेळेवर जेवत जा. उल्काकाकू सांगतेय, राजगिऱ्याचे लाडू पाठवते म्हणून. मी म्हटलं, पाठव.

काका


२७ ऑक्टोबर २०२४

ती. काका,

तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं, आणि तेव्हापासून माझं मलाच बरं वाटत नाहीये. उपास मी फक्त पहिल्या दिवशी केला होता. ज्या दिवशी पडले त्या दिवशी सकाळी दोन पराठे खाल्ले होते. पण डॉक्टरांना म्हटलं की त्या आठवड्यात माझा उपास होता. खोटं नाही, फक्त वार वेगळा.

त्यांनी डोक्याला सतरा ठिकाणी काहीतरी चिकट लावून तारा जोडल्या आणि अर्धा तास मेंदूचा आलेख काढला. तो स्वच्छ आला. काका, तो चिकटा केसांत थंड लागतो. मला एकदम वाटलं, हे मला आधी कुणीतरी लावलंय. आई मला घरी बेसिनपाशी उभी करून केस धुतेय, असं काहीतरी. आईला विचारलं तर म्हणाली, डोळ्यांचा नंबर वाढला होता तेव्हा तपासलं होतं. डोळ्यांसाठी केसांत कशाला लावतील?

डॉक्टर सरळ बोलले. म्हणाले, हे पहिल्यांदाच झालं असेल आणि तू उपाशी असशील, तर मी चक्कर म्हणून सोडून देतो, गोळ्या नकोत. पण याआधी एकदा जरी झालं असेल तर सगळंच बदलतं. मग गोळ्या लगेच सुरू, पोहायचं नाही, गाडी चालवायची नाही, कारण हे पुन्हा न सांगता येऊ शकतं. घरी नीट विचार, असं दोनदा म्हणाले. मी म्हटलं, विचारलंय. त्यांनी चक्कर लिहिलं.

क्लेमची वेगळीच तऱ्हा. कंपनीला बिलावर हॉस्पिटलचा शिक्का आणि डॉक्टरची शाईची सही हवी आहे. इथे शिक्का नसतो. मी बिलिंग काउंटरवर स्टँप मागितला तर त्या माणसाने मला पोस्टाचं तिकीट काढून दिलं. कंपनी म्हणते, शिक्का नाही तर बिल ग्राह्य नाही. हॉस्पिटल म्हणतं, शिक्का ही काय वस्तू आहे? मी चार दिवस दोघांच्या मध्ये इमेल फॉरवर्ड करत बसलेय आणि माझी मिडटर्म बोंबलली.

मी विचारलेल्या गोष्टीचं काय ते लिहा.

स्पृहा


२९ ऑक्टोबर २०२४
पुणे

चि. स्पृहा,

शिक्क्याचं मी बघतो. कंपनीच्या ऑफिसात उद्याच जातो. अवधूत माझ्या हाताखाली तयार झालेला, आता तिथे वरच्या खुर्चीत बसतो. तू फक्त हॉस्पिटलकडून त्यांच्या लेटरहेडवर एक ओळ आण की आम्ही शिक्का वापरत नाही. त्या ओळीवर शिक्का मागितला तर मी तिथेच उपोषणाला बसेन.

डॉक्टरने चक्कर लिहिलं, उत्तम झालं.

दिवाळीचा फराळ कुरिअरने गेला आहे. चकल्या मोडल्या असतील तर कुरिअरवाल्याचा दोष, काकूचा नाही.

काका


१० नोव्हेंबर २०२४

ती. काका,

क्लेम पास. मेल आला आणि मी लायब्ररीत ओरडलेच. तुमच्याशिवाय हे होणं शक्य नव्हतं. सलोनी म्हणते, तुझे काका भाड्याने मिळतील का. मागच्या पत्रात मी जरा चिडून लिहिलं होतं, सोडून द्या. केसातल्या चिकट्याचंही सोडून द्या, मीच उगीच डोक्यात घेतलं.

आणखी एक बातमी. मी गाडी शिकतेय. सलोनीने जुनी गाडी घेतली आहे, ती शेजारी बसते आणि मी चालवते. आता हायवेवरही जाते. शिकाऊ परवान्याच्या फॉर्मवर विचारलं होतं, फिट, अपस्मार वगैरे कधी होतं का. नाही लिहिलं. पक्क्या परवान्याची परीक्षा २० तारखेला. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही दोघी आलटून पालटून चालवत चारशे मैल जाणार आहोत, तिच्या मावशीकडे.

आईला अजून सांगितलं नाही, उगीच काळजी करेल. तुम्हीही बोलू नका.

तुमची,
स्पृहा


१२ नोव्हेंबर २०२४
नारायण पेठ

ती. वहिनी, सा. न.

कात्रज काही लंडन नाही, पण समोर बसून हा विषय काढला की तुम्ही चहा टाकायला उठता आणि मला तो प्यावा लागतो. म्हणून लिहितो आहे. हे पत्र कामवाल्या रतनच्या हाती देतोय, उत्तरही तिच्याच हाती द्या.

स्पृहा तिकडे गाडी चालवते. मोठ्या रस्त्यावर, स्वतः. ऑक्टोबरमध्ये तिला आली ती चक्कर नव्हती, हे मला तिच्या पत्रातली चावलेली जीभ वाचूनच कळलं होतं आणि तुम्हालाही कळलं होतं. आठवीत असताना आली होती तीच फिट. तेव्हा चार वेळा आली, अडीच वर्षं गोळ्या झाल्या, मग डॉक्टरांनी बंद केल्या. मोठी झाली की तिला सांगा, असं त्यांनी तुम्हाला आणि मला दोघांना बजावलं होतं. दादा जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. तुम्ही म्हणालात, पोरीच्या कपाळावर शिक्का नको, उद्या लग्नाचं बघायचं आहे, तिलाही कळायला नको, ती मैत्रिणींत बोलेल. गोळ्या पाकिटातून काढून तुम्ही स्टीलच्या डबीत ठेवायचात आणि रक्त वाढायच्या म्हणून द्यायचात. मी मान डोलावली. जूनमध्ये विम्याचा फॉर्म आला, त्यात पूर्वीच्या आजाराचा रकाना होता, तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलंत आणि मी नाही लिहिलं. तेव्हा तुम्हाला एकट्यांना दोष द्यायला मी लिहीत नाही.

पण आता तिचे डॉक्टर तिला गोळ्या देत नाहीत, कारण मी तिला खोटं बोलायला लावलं. ती मला धन्यवाद देते आहे, वहिनी. मला जेवण जात नाही. तुम्ही तिला सांगा. तुमच्याकडून कळलं तर ती कमी रागावेल.

दिगंबर


१३ नोव्हेंबर

भावजी,

पत्र वाचलं. गोळ्या बंद झाल्यावरही सात वर्षं काही झालं नव्हतं. तिथे एकटी आहे, कुणी जवळ नाही, अशा वेळी पोरीला हे कळलं तर ती काय करील? क्लेम पास झालाय, डॉक्टरने काही नाही म्हटलंय. गाडीचं मी तिला दुसरं काहीतरी कारण सांगून थांबवते. मे महिन्यात येईल तेव्हा समोर बसवून सांगेन. तोवर तुम्ही काही लिहायचं नाही. तुम्हाला तुमच्या दादाची शपथ आहे.

नम्रता


१४ नोव्हेंबर २०२४
नारायण पेठ, पुणे

चि. स्पृहा,

सकाळी फोन केला तो एवढंच सांगायला की गाडीला हात लावू नकोस. तू कारण विचारलंस, मी म्हटलं लिहून कळवतो. कळवतो आहे.

तू मला दोनदा विचारलंस की असं आधी झालं होतं का. एकदा मी नाही लिहिलं, एकदा चकल्यांवर बोललो. खरं उत्तर हो आहे. तू आठवीत होतीस. जानेवारी २०१५ ते जून २०१५, चार वेळा. तीन वेळा घरी, एकदा शाळेत प्रार्थनेच्या वेळी. त्याला फिट म्हणतात. तुझा मेंदूचा आलेख तेव्हा दोनदा काढला, डोळ्यांचा नंबर ही थाप होती. तू ज्या रक्त वाढायच्या गोळ्या घेत होतीस त्या फिटच्या होत्या. डिसेंबर २०१७ मध्ये बंद झाल्या. सगळे कागद माझ्याकडे तारीखवार फाइल केलेले आहेत, स्कॅन करून सोबत जोडतोय. आजच्या आज डॉक्टरांना दाखव. उपासाचं खोटं माझ्या काकाने सांगायला लावलं, असं स्वच्छ सांग.

विम्याच्या फॉर्मवर पूर्वीचा आजार या रकान्यात नाही लिहिलं ते मी. सही तुझी, अक्षर माझं. आजार लपवला म्हणून मी आयुष्यभर लोकांचे क्लेम फेटाळले. लोक टेबलासमोर उभं राहून म्हणायचे, साहेब, आम्हाला माहीतच नव्हतं. मी म्हणायचो, सही तुमचीच आहे ना? त्यांतले काही जण खरं बोलत असणार, हे मला आता या वयात कळतंय.

युनिव्हर्सिटीचा प्लॅन नको म्हटलं तेही यासाठीच. तिथे मागचं विचारतील, तू आईला विचारशील आणि सगळं बाहेर येईल, ही भीती. आपल्या हाताने भरलेला फॉर्म बरा, असं वाटलं.

तुझ्या आईने मला शपथ घातली होती. ती मोडून लिहितो आहे, तेव्हा तिच्यावर जेवढी रागावशील त्याहून जास्त माझ्यावर रागाव.

दिगंबरकाका


१ डिसेंबर २०२४

काका,

पंधरा दिवस उत्तर दिलं नाही. मुद्दाम नाही दिलं.

त्याच दिवशी कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं वाचलं, पहिल्या केसपेपरवरची चक्कर खोडून नवीन लिहिलं. खोडता येतं, काका. गोळ्या सुरू झाल्या आहेत. शिकाऊ परवाना परत केला. सलोनी मावशीकडे एकटी गेली.

तुमच्या कंपनीला मी स्वतः पत्र लिहिलं. त्यांनी पॉलिसी पहिल्या दिवसापासून रद्द केली आणि क्लेमचे पैसे परत मागितले. ते तुम्ही भरणार आहात असं अवधूत यांच्या मेलवरून कळलं. भरा.

विमा रद्द झाल्याचं पत्र घेऊन त्याच स्लाइड्सवाल्या बाईंकडे गेले. चालू विमा गेला तर एकतीस दिवसांत युनिव्हर्सिटीचा घेता येतो म्हणाल्या. या वेळी त्यांनी इट डिपेंड्स म्हटलं नाही. खुर्ची दिली, फॉर्म दिला. मी दोन दिवस तयारी करून गेले होते, कागदांच्या तीन प्रती, तारखा पाठ. काका, त्या फॉर्मवर नाव, जन्मतारीख, पत्ता आणि सही एवढंच आहे. मी विचारलं, आधीच्या आजारांचं कुठे लिहायचं? तर बाई म्हणाल्या, ते आम्ही विचारत नाही, विचारायची परवानगीच नाही, आजार काहीही असो, प्लॅन सगळ्यांना सारखाच. तुम्ही आणि आईने ज्या रकान्याला घाबरून मला सगळं करायला लावलंत, तो रकाना इथे नाहीच आहे. ऑगस्टमध्ये मी काहीच केलं नसतं, नुसती गप्प बसले असते, तरी चाललं असतं. मी बाहेर येऊन जिन्यात बसले. हसू येत होतं की रडू ते कळेना.

मला राग याचा आहे की सगळ्यांना माहीत होतं. तुम्हाला, काकूला, शाळेतल्या बाईंना. प्रार्थनेला अख्खी शाळा उभी असते, म्हणजे वर्गातल्या मुलींनाही. नववीत मला कुणी सहलीला शेजारी घेत नव्हतं, मला वाटायचं मी त्यांना आवडत नाही. नऊ वर्षं मला तसंच वाटत होतं.

काल सलोनीने विचारलं, पुन्हा आली तर मी काय करायचं? डॉक्टरांनी दिलेलं पत्रक आहे, ते ठीक आहे, पण ती म्हणाली, तुझी कशी येते? आधी काही कळतं का? किती वेळ चालते? मला सांगता आलं नाही. मला माझी फिट माहीत नाही. तुमच्या फाइलमध्ये तारखा आहेत, हे नाही. हे एकाच माणसाने पाहिलंय आणि तिचा फोन मी सध्या उचलत नाही, उचलणारही नाही. तिला हे दाखवायचं तर दाखवा.

स्पृहा


५ डिसेंबर २०२४
कात्रज, पुणे

चि. स्पृहास आशीर्वाद.

भावजी आले, तुझं पत्र हातात दिलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी हे वहीच्या कागदावर लिहितेय, ते फोटो काढून तुला पाठवतील.

तुझ्या मैत्रिणीसाठी लिहिते. तिला वाचून दाखव.

आधी तू बोलता बोलता गप्प होतेस. एका जागी बघत राहतेस. डाव्या हाताने कपड्याचं टोक चिमटीत धरून ओढायला लागतेस. हे दिसलं की लगेच खाली बसवायचं, गॅस आणि टेबलाच्या कडेपासून लांब. मग तू ताठ होतेस आणि पडतेस. हाक मारून उपयोग नाही, तुला ऐकू येत नाही. चष्मा काढायचा. डोक्याखाली मऊ काहीतरी. कुशीवर वळवायचं. तोंडात चमचा, पाणी, काही घालायचं नाही. घड्याळ बघायचं. तुझी पहिली दोन मिनिटांची होती, शाळेतली मी पाहिली नाही, सगळ्यात मोठी साडेतीन मिनिटांची, जूनमधली. पाच मिनिटांवर गेली तर अँब्युलन्स बोलवायची. थांबल्यावर तू अर्धा तास झोपतेस. उठलीस की पहिलं विचारतेस, शाळेला उशीर झाला का. नाही म्हणायचं. मग थोडी साखर घातलेलं दूध.

सहलीचं मला माहीत होतं. बाईंनी मला बोलावून सांगितलं होतं की मुलींच्या आया घाबरतात. मी त्यांना काही बोलले नाही आणि तुलाही नाही. मी तेव्हा त्यांच्याशी भांडायला हवं होतं. मी तुझ्यापासून लपवत बसले. माझं चुकलं, स्पृहा. लग्नाचं तर नुसतं तोंडाने म्हणत होते. तुला कळलं की ते खरं होईल, असं वाटायचं मला.

फोन उचलू नकोस. रागावलेली राहा. गोळ्या मात्र चुकवू नकोस, सकाळची जेवणानंतर घे, रिकाम्या पोटी तुला मळमळायचं.

आणि तिला हे दोनदा सांग. फिट चालू असताना तुला धरून ठेवायचं नाही. हातपाय दाबायचे नाहीत, त्याने इजा होते. बाजूला बसून राहायचं आणि आपोआप थांबायची वाट बघायची. डॉक्टर मला दर वेळी ओरडायचे. मला ते एकदाही जमलं नाही.

आई